ओआरएसमध्ये साखर कशाला घालतात?

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं पाणी सुटलं की पहिलं काम म्हणजे मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, लाइट खर्च होते ती पाणी वर चढवायला, खाली यायला फुकट, नळ सोडला की झालं. आपली प्रत्येक पेशी दिवसरात्र हेच करायलीय.

पेशीच्या पडद्यात प्रथिनांचे बारीक पंप असतात. एक एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं नाणं, खर्च झाला की सोडियमचे (मिठात असतं तेच) 3 कण बाहेर, पोटॅशियमचे 2 आत. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातल्या नसा तपासून 1957 मध्ये हे दाखवलं, नोबेल मिळालं 1997 ला, चाळीस वर्षांनी! आपण नुसतं पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा या पंपांवर जातो, मला तर हे वाचून नवलच वाटलं.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या पोराला जुलाब लागले, ऊन असलं की रस्त्यावर माणूस नाही, आणि त्याची आजी नुसतं मिठाचं पाणी पाजायलेली. म्हणे साखरेनं जुलाब वाढतात. मी म्हटलं आजी, साखरेशिवाय ते मीठ नीट आत जायचं नाही ओ!

कारण आतड्याच्या पेशीतला पंप सोडियम सतत रक्ताच्या बाजूला फेकत असतो, म्हणून पेशीत सोडियम कमी, बाहेर जास्त, म्हणजे टाकी भरलेली. आतड्याच्या बाजूला एक दार आहे, ते 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज (साखरेतून मिळतं ते) सोबत आले तरच दोघांना आत घेतं, आणि त्यांच्या मागं पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार चालू राहतं. 1971 ला बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे ओआरएसच, पाजायला लावलं, आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले.

आजीचं भ्या पण खोटं नव्हतं, साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते. घरात ओआरएसचं पाकीट नव्हतं, म्हणून उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 6 छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आजींनी प्रत्येक चमचा बोटानं सपाट करून घातला, आणि पोराला घोट-घोट पाजत बसल्या.