थंडीत पाइप फुटला तर विम्याचा क्लेम: कोणाला मिळतो, कागद कोणते लागतात

बर्फ पडणाऱ्या भागात घर असलं की धास्ती छताची वाटते, पण घात बऱ्याचदा नळाचा पाइप करतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब वाढतो आणि पाइप तिथे फाटतो. कळतं मात्र बर्फ वितळून भिंतीतून धार लागल्यावर. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक चालू ठेवतात. दाबाला वाट मिळते.

क्लेम कोणाला मिळतो?

घरविम्याच्या बहुतेक पॉलिसींचा गाभा दोन शब्दांत आहे: अचानक आणि अपघाताने. रात्रीत पाइप फुटून फरशी उखडली तर क्लेम बसतो. चार महिने ओल झिरपत होती आणि आपण रंग मारत राहिलो, तर तो हलगर्जीपणा ठरतो. फुटलेल्या पाइपच्या दुरुस्तीचा खर्चही पुष्कळदा आपलाच. भरपाई मिळते ती पाण्याने झालेल्या नुकसानीची. बर्फ वितळून बाहेरून घरात शिरलेलं पाणी सहसा पूर म्हणून धरतात आणि त्याला वेगळं संरक्षण लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बंद घराच्या अटीत. घर ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत 30 किंवा 60, रिकामं असेल तर संरक्षण कमी होतं किंवा थांबतं. गावाला जाताना एकतर हीटिंग चालू ठेवा (12-13 अंशांच्या खाली नको), नाहीतर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करा. आपल्या पॉलिसीला यातलं काय हवं आहे, हे निघण्याआधी वाचा.

थंडीआधी

बाहेरच्या नळाची होज काढा, उघड्या पाइपांना वेष्टण घाला, पन्हळीतला पाचोळा काढा. पोटमाळ्याचं इन्सुलेशन तपासा. घरातली ऊब वर गळली की छतावरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येऊन पुन्हा गोठतं आणि त्या बांधामागे तुंबलेलं पाणी कौलांखाली शिरतं. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आणि मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. कंटाळवाणं काम आहे, पण गालिचा नुकसानीआधी कसा होता हे नंतर तोंडी सांगून कोणी मानत नाही.

नुकसान झाल्यावर

आधी पाणी बंद. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून जाता येत असेल तरच वीज बंद करा. मग फोटो, आणि लगेच विमा कंपनीला खबर. क्लेम क्रमांक लिहून घ्या. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत हात लावायचा नाही, हा गैरसमज आहे. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. पाणी उपसा, तात्पुरती डागडुजी करा, पावत्या ठेवा. कायमची दुरुस्ती मात्र पाहणीनंतर. फुटलेला पाइपचा तुकडा प्लंबरला फेकू देऊ नका, तोच तुमचा साक्षीदार.

कागदपत्रं

पॉलिसीची प्रत, भरलेला क्लेम फॉर्म, ओळखपत्र, आधीचे-नंतरचे फोटो, खराब झालेल्या वस्तूंची किमतीसह यादी आणि असतील तितकी बिलं. शिवाय प्लंबरचा कारण नोंदवलेला लेखी अहवाल आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक. माझ्या मते सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे त्या महिन्यांची हीटिंगची बिलं. घर उबदार ठेवलं होतं याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

रक्कम ठरताना डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा, वजा होतं. पॉलिसी जुन्या वस्तूच्या जागी नव्या वस्तूची किंमत देणारी नसेल तर घसाराही (वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत) कापतात. नुकसान डिडक्टिबलच्या आसपासच असेल तर क्लेम न केलेला बरा. क्लेमच्या नोंदीमुळे पुढचा हप्ता वाढू शकतो. क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाकडे किंवा विमा लोकपालाकडे. सोबत तेच कागद, तारखेनुसार लावलेले.