गाळातले कवच आणि गाळातला डीएनए

समुद्रतळाच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीच्या प्लवकांचा, म्हणजेच पाण्यात तरंगणाऱ्या प्लँक्टनचा, पुरावा सापडल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा ‘पुरावा’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे त्या सूक्ष्मजीवांची कठीण कवचे, ज्यांना सूक्ष्मजीवाश्म म्हणतात. दुसरी म्हणजे त्यांच्या पेशींतून सुटून गाळात अडकलेले डीएनएचे तुकडे. कवच हा जुना पुरावा आणि डीएनए ही त्याचीच नवी, अधिक अचूक आवृत्ती, अशी साधारण समजूत असते. डीएनए कवचाच्या आतूनच काढत असतील, असेही अनेकांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि प्राचीन प्लवक व महासागरातील कार्बनचक्र या विषयावर पीएच.डी. करू पाहणाऱ्याला त्या लवकरात लवकर सोडाव्या लागतात.

कार्बनचा संबंध आधी थोडक्यात सांगतो. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे समुद्रातील वनस्पतिप्लवक करतात. त्यांनी पाण्यातून उचललेला बराचसा कार्बन वरच्या थरातच खाल्ला जाऊन पुन्हा विरघळतो. मात्र त्यातला काही भाग मृत पेशी, विष्ठा आणि चिकट पुंजके यांच्या रूपाने खोल समुद्रात झिरपत राहतो. या प्रक्रियेला जैविक पंप म्हणतात. महासागरात सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, म्हणजे आजच्या हवेतील साठ्याच्या चाळीस पटींहून अधिक. त्यामुळे या पंपाचा वेग थोडा जरी बदलला, तरी हवेतील कार्बन डायऑक्साइड बदलतो. हिमयुगाच्या ऐन कडाक्यात हवेतले त्याचे प्रमाण दर दहा लाखांत १८० ते १९० भाग होते आणि औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० होते. हा फरक घडवण्यात प्लवकांचा वाटा किती, या प्रश्नापायी लोक गाळ उकरतात.

आता कवच. डायाटम या एकपेशीय वनस्पतिप्लवकांना मराठी विज्ञानलेखनात ‘करंडक वनस्पती’ असा नेमका शब्द आहे, कारण त्यांचे सिलिकाचे कवच झाकण बसणाऱ्या कुंकवाच्या करंड्यासारखे दोन भागांचे असते. रेडिओलॅरिया या एकपेशीय प्राणिप्लवकांचे सांगाडेही सिलिकाचेच असतात. फोरॅमिनिफेर या एकपेशीय जीवांची कवचे आणि कॉकोलिथोफोर या वनस्पतिप्लवकांच्या अंगावरच्या चकत्या मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे आपल्या खडूच्या जातीच्या. कवच टिकले की ते लाखोच नव्हे, तर कोट्यवधी वर्षे टिकते. पण ते टिकेलच असे नाही. समुद्रात साधारण चार ते पाच किलोमीटरच्या खाली कार्बोनेट विरघळून जाते, आणि सिलिकाची बहुतांश कवचे तळाला पोहोचण्याआधी किंवा पोहोचल्यावर लगेच विरघळतात.

डीएनए या कवचांमध्ये जपून ठेवलेला नसतो. पेशी फुटली की तो पाण्यात मोकळा होतो आणि टिकलाच तर मुख्यतः मातीच्या खनिजकणांना चिकटून टिकतो. गाळ थंड असला, प्राणवायू नसला, तर तो अधिक टिकतो. तरीही त्याचे तुकडे होतच राहतात. प्राचीन म्हणता येईल असा तुकडा बहुधा शंभर अक्षरांहूनही (डीएनएच्या रासायनिक घटकांहूनही) आखूड असतो, आणि त्याच्या टोकांना सायटोसिन या अक्षराची मोडतोड होऊन वाचनयंत्राला तिथे थायमिन हे दुसरे अक्षर दिसते. ही झीज संशोधकाच्या पथ्यावरच पडते, कारण तुकडा खरोखर जुना आहे, की प्रयोगशाळेतल्या कुणाच्या हातावरून आला आहे, हे त्यावरूनच ओळखता येते. अंटार्क्टिकाजवळच्या स्कॉशिया समुद्रात २०१९ साली काढलेल्या गाळातून सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा समुद्री सजीवांचा डीएनए मिळाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा पल्ला मोठाच आहे. पण कवचांच्या काळाशी तुलना केली, तर तो काल-परवाचा म्हणावा लागेल.

दोन्ही नोंदी एकाच थरातून किती वेगळे चित्र देतात, याचे मला सर्वात बोलके वाटणारे उदाहरण काळ्या समुद्राचे आहे. तिथल्या तळावरच्या सर्वात वरच्या थरात एमिलियानिया हक्सलेयी या कॉकोलिथोफोराच्या चकत्या इतक्या आहेत की तो थर पांढुरक्या पट्ट्यांचा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस म्हणेल, हा समुद्र याच जीवाचा होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन हजार मीटरहून खोल जागेच्या, ३,६०० वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या गाळातील डीएनए तपासला, तेव्हा पेशीत केंद्रक असलेले सजीव ओळखायला जे जनुक वाचतात, त्यात या जीवाचा वाटा एक टक्काही भरला नाही. बहुतेक डीएनए जिम्नोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटांचा, म्हणजे शेपटीसारख्या कशाभिकांनी पोहणाऱ्या एकपेशीय प्लवकांचा, निघाला. जिम्नोडिनियमच्या अंगावर कवचच नसते.

मग खरे कोण बोलले? दोघेही खरेच बोलले, पण वेगवेगळ्या प्रश्नाला उत्तर देऊन. कवच नसलेला जीव कवचांच्या नोंदीत येणारच नाही. तो तिथे दिसत नाही म्हणजे तो समुद्रात नव्हता, असे म्हणता येत नाही. डायनोफ्लॅजेलेटांच्या जिवंत जातींपैकी सुमारे १५ टक्के जातीच जीवाश्म होऊ शकणारी पुटी, म्हणजे टणक आवरणातली निपचित पेशी, तयार करतात. उलट बाजूने, डीएनएमध्ये वाटा मोठा दिसला म्हणजे तो जीव संख्येने जास्त होता, असेही ठरत नाही, कारण डायनोफ्लॅजेलेटांच्या एकेका पेशीत त्याच जनुकाच्या हजारो प्रती असू शकतात. शंभर कवचे मोजली, तर ती शंभर कवचेच असतात. शंभर तुकडे वाचले, तर ते किती पेशींचे हे सांगता येत नाही. डीएनएच्या टक्केवारीचे रंगीत आलेख पाहताना हे विसरायला होते, आणि माझ्या मते या विषयावरच्या बऱ्याच लेखनाचा खरा दोष हाच आहे.

कार्बनच्या हिशेबात ‘कोण होते’ याला इतके महत्त्व का, हे समजायला गोव्याशी जोडलेला एक प्रयोग उपयोगी पडतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पाण्यात लोह मिसळून प्लवकांची वाढ होते का आणि त्यासोबत कार्बन तळाकडे जातो का, हे पाहायचे होते. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका आधीच संपलेली असल्याने डायाटम वाढले नाहीत. वाढले ते कवच नसलेले छोटे कशाभिकाधारी जीव, ज्यांना प्राणिप्लवकांनी वरच्या वर खाऊन टाकले. खोलवर फारसा कार्बन गेला नाही. अशी घटना दहा हजार वर्षांपूर्वी घडली असती, तर कवचांच्या नोंदीत तिचा मागमूसही उरला नसता. डीएनएमध्ये कदाचित उरला असता.

याला आणखी एक पेच आहे. कॉकोलिथोफोर प्रकाशसंश्लेषण करून कार्बन उचलतात हे खरे, पण कॅल्शियम कार्बोनेटची चकती बनवताना पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून काही कार्बन डायऑक्साइड बाहेरही पडतो. त्यामुळे डायाटमांची जागा कॉकोलिथोफोरांनी घेतली, तर पंपाची ताकद घटते. या अदलाबदलीत कवच हीच घडलेल्या रसायनाची वस्तू असल्याने तिथे कवचाला तोड नाही. शिवाय फोरॅमिनिफेरांच्या कवचातील कार्बन, ऑक्सिजन आणि बोरॉन यांच्या समस्थानिकांवरून जुन्या पाण्याची रासायनिक स्थिती, तापमान आणि आम्लता यांचा अंदाज करता येतो. डीएनए यातले काहीच सांगत नाही.

डीएनएच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. गाळ हा स्वतः जिवंत असतो. तिथल्या जिवाणूंचा डीएनए एकूण डीएनएत बहुसंख्य असतो आणि तो जुना नसतो. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव मात्र अंधाऱ्या गाळात जगू शकत नाहीत, म्हणून त्यांचा डीएनए वरच्या पाण्यातून आला असे धरता येते. तेही जपूनच: डेन्मार्कच्या मारियागर फ्योर्डमधील गाळात सुमारे शंभर वर्षे निपचित पडलेले डायाटमांचे बीजाणू संशोधकांनी पुन्हा वाढवून दाखवले आहेत.

कामाच्या टेबलावर हा फरक डोळ्यांना दिसतो. गाळाचा कोअर, म्हणजे नळीत भरून वर आणलेला उभा स्तंभ, लांबीने दोन भागांत चिरतात. कवचे पाहणारा विद्यार्थी चमचाभर गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतो, वाळवतो, काळ्या ताटलीवर पसरतो आणि ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक फोरॅमिनिफेर उचलतो. एका नमुन्यात साधारण ३०० मोजायचे, असा प्रघात आहे. डीएनएवाला विद्यार्थी टोपी, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून आधी उघडा पडलेला थर खरवडून टाकतो, मग पुढचे टोक कापलेली निर्जंतुक सिरिंज गाळाच्या मध्यभागी खुपसतो, आणि हे सारे तळापासून वरच्या दिशेने करतो, म्हणजे वरच्या नव्या थरातला डीएनए खालच्या जुन्या थरात जाणार नाही. खोदताना वापरलेले समुद्राचे पाणी गाळात किती मुरले, हे तपासायला त्यात आधीच एक ओळखीचे रसायन मिसळलेले असते.

अरबी समुद्र या कामासाठी मोलाचा आहे, कारण इथे सुमारे दीडशे ते हजार-बाराशे मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ संपलेला पट्टा आहे आणि त्याच्या तळाच्या गाळात डीएनए तुलनेने चांगला टिकतो. ईशान्य अरबी समुद्रातील ४३ हजार वर्षांच्या गाळातून एकपेशीय सजीवांचा समूह प्राणवायूच्या चढउताराप्रमाणे कसा बदलत गेला, हे २०१८ मध्ये डीएनएवरून मांडले गेले. तसे काम इथे नव्याने सुरू करणाऱ्याने एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी: कोअर उघडल्याबरोबर डीएनएचा नमुना आधी काढून गोठवावा लागतो. कवचांचा नमुना कपाटात वीस वर्षे पडून राहिला, तरी त्यातले फोरॅमिनिफेर मोजता येतात.