ड्रमचा बॅज, त्यामागचं भोक आणि ती पितळी रिंग

जुना ड्रम रिस्टोअर करायला घेतला की सगळी चर्चा रॅप (बाहेरून गुंडाळलेला रंगीत प्लास्टिकचा पत्रा) कुठला लावायचा आणि क्रोम कसं चमकवायचं यावर होते, आणि बॅज काढायची वेळ आली की हात थांबतो. कारण कंपनीच्या नावाचा तो बॅज बहुतेक जुन्या ड्रम्सवर स्क्रूने लावलेलाच नसतो, तो ग्रोमेटने धरलेला असतो. ताडपत्रीच्या कडेला दोरीसाठी पितळी रिंग असते ना, त्याच जातीची एक बारीक नळी, बॅज, रॅप आणि लाकडी शेल (ड्रमचं गोल खोड) या तिन्हींमधून आरपार गेलेली आणि आतल्या बाजूने काठ उलटा वळवून दाबून टाकलेली. परत उघडायची सोय ठेवलेलीच नाही.

हे असं का, तर भोक आधी आलं आणि बॅज नंतर. दोन्हीकडून बंद ड्रमवर काठी पडली की आतली हवा दबते, तिला बाहेर यायला वाट लागते, म्हणून शेलला एक भोक. दोरीने ताणायच्या जुन्या लष्करी ड्रम्सनाही ते असायचं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातले (१८६१ ते १८६५) ड्रम बघा, कितीतरी ड्रम्सवर या भोकाभोवती पितळी चुका ठोकून नक्षी केलेली असते आणि बनवणाऱ्याच्या नावाची कागदी चिठ्ठी शेलच्या आत, बरोबर भोकासमोर चिकटवलेली, म्हणजे नाव वाचायचं तर भोकाला डोळा लावायचा. मला ही गोष्ट फार आवडते, नाव आणि भोक यांचं नातं तेव्हापासूनचं आहे.

पुढे कारखाने आले. शिकागोत १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी कंपनी काढली, ब्रुकलिनची ग्रेट्श त्याआधीची, १८८३ ची. आता नाव लांबून दिसायला हवं होतं म्हणून ते चिठ्ठीवरून धातूच्या पत्र्यावर आणि शेलच्या बाहेर आलं. ग्रेट्शच्या जुन्या गोल बॅजवर बारीक खिळे मारलेले सापडतात, पण भोकाची लाकडी कड फुटू नये म्हणून तिथे धातूचं अस्तर लागतंच, मग त्याच अस्तराने बॅजही दाबून धरला तर वेगळे खिळे कशाला. प्रेसचा एक दाब आणि दोन्ही कामं झाली.

मग आली ९ फेब्रुवारी १९६४ ची रात्र. बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले, ७ कोटींच्या वर लोकांनी बघितलं आणि त्यांचा ड्रमर रिंगो स्टारच्या ड्रमच्या पुढच्या हेडवर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, लुडविगचं नाव होतं. मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. लुडविगच्या कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराच्या) बॅजवर सिरीयल नंबर १९६३ च्या शेवटी यायला लागले होते, पण बॅज नंबरवार लावले जात नव्हते, हाताला येईल तो बसवायचा, त्यामुळे फक्त नंबरवरून साल ठरवू नका, शेलच्या आतला तारखेचा शिक्काही बघा.

बॅज निघायला लागले ते नंतर, जुना रॅप फिका पडला किंवा फॅशन गेली की लोक नवीन चढवायचे आणि त्यासाठी ग्रोमेट आतून कापायचे किंवा पक्कडीने ओरबाडायचे, मग बॅज परत लावताना दोन बाजूंना दोन स्क्रू, नाहीतर गोंद. अशी भोकं पडलेला कीस्टोन बघितला की खरंच वाईट वाटतं, त्या पत्र्याला दुसरा इलाज नाही.

आता तयार नवीन ग्रोमेट मिळतात. लांबी मात्र मोजून घ्या, शेल, रॅप आणि बॅजची जाडी आणि त्यावर वळवायला साधारण दोन मिलिमीटर. बाहेरच्या तोंडाखाली त्याच आकाराचा खोलगट ठोकळा, शेलच्या गोलाईला मिळता, नाहीतर बॅजचा रंग तडकतो. आतून आधी स्टीलची गोळी ठेवून हलके ठोके, काठ बाहेर झुकला की मग सपाट पंच. एकदम जोरात मारलं की काठ फुलासारखा फाटतो. पितळ कडक वाटलं तर आधी तापवून मऊ करून घ्यायचं, पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठ झालेला पत्रा परत भट्टीत घालतात तसंच.

आणि काढलेला जुना ग्रोमेट फेकू नका, वाकडा झाला असला तरी. कागदाच्या पुडीत घालून, वर कुठल्या ड्रमचा ते लिहून ठेवा, कंपनीने काठ किती आणि कसा वळवला होता ते त्याच्यावरूनच कळतं.