मजकुराला जागा नाही

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावानं ठार मारलं : आई, मुलगी आणि दोन मुलगे. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या, त्याही अनैतिक संबंधांच्या कुजबुजीवर बेतलेल्या. जमिनीचा वाद, पोलिसांत दिलेली साक्ष, जात हे सगळं मागेच राहिलं. मोठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या खऱ्या अर्थानं जाग्या झाल्या त्या महिन्याभरानं, नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरल्यावर.

बातमी नजरेआड करण्याची ही सवय मराठी पत्रकारितेला फार जुनी आहे. तिच्याशी झगडणारी वृत्तपत्रंही जवळपास तितकीच जुनी.

सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला. पुण्याची प्रतिष्ठित पत्रं त्याची दखल घेत ती बहुधा टिंगलीपुरती. म्हणून १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं. १८८० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं आणि त्यात गिरणी कामगार आला. त्या कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम होतं. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्जावर साडेपाच हजार सह्या जमवल्या. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये.

याच ‘दीनबंधु’ची दुसरी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं लोखंड्यांनी छापली आणि पुढची छापायला ते कचरले. जोतीराव संतापले, आणि रास्तच संतापले. पण लोखंड्यांची अडचणही समजते. छापखाना चालवणाऱ्याला पुढच्या आठवड्याचा अंकही काढायचा असतो. डावललेल्यांच्या पत्रातूनही काही मजकूर असा गळतो, याची नोंद राहिलेली बरी.

भालेकरांचे चिरंजीव दत्तक गेले आणि मुकुंदराव पाटील झाले. १९१० मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवलं. साप्ताहिक म्हटलं की पुणे-मुंबई, असा तो काळ. खेड्यात छपाईचे खिळे जुळवून, टपालानं अंक पाठवून, शेतकऱ्याचं कर्ज, सावकार आणि भटभिक्षुकी यांवर हा गृहस्थ वर्षानुवर्षं लिहीत राहिला.

तरीही अस्पृश्यांचा, म्हणजे बहिष्कृतांचा वर्ग बाहेरच होता. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. अंक निघणार असल्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली, रीतसर पैसे देऊन. ती छापली गेली नाही. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. पहिल्या अंकातला अग्रलेख तेवढा वाचला जात नाही आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. बाबासाहेब त्यात ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’ अशा पत्रांची नावं घेऊन मान्य करतात की, बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा तिथे वारंवार होते. पण ब्राह्मणेतर या मोठ्या नावाखाली अनेक जाती येतात, त्या सगळ्यांचे प्रश्न मांडताना बहिष्कृतांच्या प्रश्नाचा सांगोपांग ऊहापोह व्हायला तिथे पुरेशी जागा मिळणं शक्य नाही. मुद्दा वैराचा नव्हता, रकान्यांचा होता. मित्रपक्षाच्या पत्रातही जागा मोजकीच, आणि ती कुणाला द्यायची हे संपादकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस ठरवणार.

स्वतःची जागा मिळवली की ती भरावीही लागते. ‘मूकनायक’ काही वर्षांतच बंद पडलं. १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ, ‘बहिष्कृत भारत’ निघालं. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. वर्गणीदार गरीब, जाहिरातदार दूर, त्यामुळे १९२९ मध्ये तेही थांबलं. पुढच्या वर्षी ‘जनता’ आलं.

आता पुन्हा २००६ कडे. त्या वर्षी विदर्भात कापूस पिकवणारे शेतकरी आत्महत्या करत होते आणि मुंबईच्या फॅशन वीकमध्ये सुती कपडे मिरवले जात होते. तो सोहळा टिपायला पाचशेच्या वर पत्रकार होते, विदर्भात मुक्काम ठोकून असलेले बाहेरचे पत्रकार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हापासून अनेकदा सांगितलं आहे. पाचशे जणांना तिकडे धाडायचं हे कुणीतरी ठरवलं असणारच.

हे ठरवणारे कोण, याची मोजणीही त्याच वर्षी झाली. योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी केली. ७१ टक्के जागांवर उच्चवर्णीय हिंदू पुरुष होते. ३१५ मध्ये दलित किंवा आदिवासी एकही सापडला नाही. पाहणी जूनमध्ये प्रसिद्ध झाली. खैरलांजी घडायला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.