पार्श्वभूमी : लहान एपिस्कोपल पॅरिश कोण चालवतं?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या तिथल्या चर्चच्या, सभासदांच्या घराघरांत एक पाकीट येतं. आत एक पत्र असतं आणि पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. कार्डावर नाव लिहायचं, पुढच्या वर्षी आठवड्याला, महिन्याला किंवा वर्षाकाठी किती देणार तो आकडा घालायचा, सही करायची आणि नोव्हेंबरातल्या ठरलेल्या रविवारी उपासनेच्या वेळी ते वेदीपाशी नेऊन द्यायचं. याला म्हणतात प्लेज. ही वर्गणीची पावती नव्हे, आणि वसूल करायला कोणी दारातही येत नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आलं तर खजिनदाराला एक फोन करायचा, तो आकडा खाली आणतो.

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत गेलं. तिथे दशांश, अर्पण, हंगामाच्या उपकारस्तुतीनंतर भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव हे सगळं ओळखीचं होतं. तरी इथे अमेरिकेत छोट्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमंडळीत, पहिल्यांदा ते कार्ड हातात आलं तेव्हा मी अडखळले. रविवारी चाळीसेक माणसं जमणार, आणि त्यांच्या कार्डांवरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचं अख्खं वर्ष: पाळकांचं मानधन, त्यांचा आरोग्यविमा, मानधनाच्या १८ टक्के पेन्शन फंडाला, धर्मप्रांताचा (बिशपच्या हाताखालच्या विभागाचा) वाटा, हिवाळ्यातलं तापवणीचं तेल, छपराची डागडुजी. सरकारकडून उपासनेसाठी छदामही येत नाही. हे असं कसं ठरलं, ते समजून घ्यायचं तर तंबाखूपासून सुरुवात करावी लागते.

१६०७ साली जेम्सटाउनला इंग्रज उतरले ते आपलं चर्च बरोबर घेऊनच. व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी चर्च होतं. पॅरिश म्हणजे गावचा कारभारच: कर बसवायचा, अनाथांची सोय लावायची, गोरगरिबांना पोसायचं. हे सगळं बघायची व्हेस्ट्री, म्हणजे पॅरिशचं कारभारी मंडळ. १६६२ च्या कायद्याने तिच्यात बारा पुरुष असत आणि एखादी जागा रिकामी झाली की उरलेलेच ती भरत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोठ्या जमीनदार घराण्यांचा अंमल. पाळकाचा वार्षिक पगार ठरला होता १६,००० पौंड तंबाखू, म्हणजे सात टनांहून जास्त. शिवाय राहायला, कसायला चर्चची जमीन. तंबाखू उभा राहायचा डोईपट्टीतून, आणि त्या डोक्यांत सोळा वर्षांवरचे गुलाम स्त्री-पुरुष मोजले जात. कर मालक भरायचा, राबायचे ते. पाळकाच्या पगाराला त्यांचा घाम होता, पण पॅरिशच्या कारभारात त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. हा इतिहास सांगताना ही गोष्ट तळटीपेत ढकलता येत नाही.

या चर्चचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे अमेरिकेत त्याला एकही बिशप नव्हता. कारभार लंडनच्या बिशपच्या नावाने. कोणाला पाळक व्हायचं असेल तर दीक्षेसाठी अटलांटिक ओलांडून जायचं, जीव राहिला तर परत यायचं. बिशप नाही म्हटल्यावर रोजचा कारभार आपसूक व्हेस्ट्रीच्या, म्हणजे सामान्य सभासदांच्या हातात गेला. उत्तरेकडच्या बहुतेक वसाहतींत या चर्चसाठी कर नव्हता, तिथल्या बऱ्याच पाळकांना १७०१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली मिशनसंस्था पैसे पाठवायची. तीच संस्था, एसपीजी, पुढे आमच्या नगर जिल्ह्यात आली.

मग इंग्लंडच्या राजाविरुद्ध अमेरिकन क्रांती झाली. पाळकांनी दीक्षेच्या वेळी राजनिष्ठेची शपथ घेतलेली, उपासनेच्या पुस्तकात राजासाठी प्रार्थना छापलेली. अनेकजण देश सोडून गेले. व्हर्जिनियाने १७७६ मध्ये चर्चचा कर थांबवला आणि १७७९ मध्ये कायमचा काढून टाकला. १७८६ मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, आणि १८०२ च्या कायद्याने चर्चच्या जमिनीही विकायला निघाल्या. उत्तरेत लंडनचे पैसे आटले. दीड शतक राजाश्रयावर वाढलेलं चर्च वीस-पंचवीस वर्षांत उघड्यावर आलं.

माझ्या मते आजच्या लहान पॅरिशचा जन्म इथे झाला. १७८२ मध्ये फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम व्हाइट यांनी मांडलं की बिशपांची वाट बघत बसू नका, पॅरिशांनी एकत्र यावं, पाळक आणि सामान्य सभासद दोघांनी मिळून चर्च चालवावं. कनेक्टिकटच्या पाळकांचा आग्रह उलटा होता: आधी बिशप. त्यांनी सॅम्युएल सीबरी यांना निवडून इंग्लंडला पाठवलं. राजाची शपथ घेता येत नाही म्हणून इंग्लिश बिशपांनी नकार दिला, तेव्हा १४ नोव्हेंबर १७८४ ला स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला स्कॉटिश बिशपांनी त्यांचा अभिषेक केला. व्हाइट स्वतः १७८७ मध्ये लंडनला बिशप झाले, तोवर इंग्लिश कायदा बदलला होता. १७८९ च्या अधिवेशनात दोन्ही बाजू एकत्र आल्या. फिलाडेल्फियातच दोन वर्षांपूर्वी देशाची राज्यघटना लिहिली गेली होती, आणि या चर्चची घटनाही तशीच दोन सभागृहांची झाली. एक बिशपांचं, दुसरं पाळक आणि सामान्य प्रतिनिधींचं. पॅरिश आपली व्हेस्ट्री निवडते, व्हेस्ट्री आपला पाळक निवडते, बिशपाची संमती लागते. हात वर करण्याचा हक्क सभासदाला मिळाला आणि त्याच दिवशी खर्चाचं ओझंही.

आपल्याकडे हा प्रसंग पुष्कळ उशिरा आला. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च १९३० मध्ये सरकारी कायद्यापासून सुटं झालं, आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा त्यात मिळालं. म्हणून आमच्या मंडळीचं पत्र घेऊन मी इथे आले तेव्हा कोणी मला परकं मानलं नाही. एकाच अँग्लिकन कुटुंबातली ही दोन घरं.

कर गेला, तर पैसा आणायचा कुठून? एकोणिसाव्या शतकातलं उत्तर आज ऐकवत नाही: बाकं विकून नाहीतर भाड्याने देऊन. बाकांना लाकडी दारं असत आणि घराण्यांची नावं. पुढची जागा महाग, मागची स्वस्त, ज्याला परवडत नाही त्याने गॅलरीत बसायचं. पॅरिशचे आपण कोण, हे बाकाच्या भाड्यावरून ठरे. न्यूयॉर्कला विल्यम ऑगस्टस म्यूलनबर्ग यांनी १८४६ मध्ये चर्च ऑफ द होली कम्युनियन उघडलं आणि सगळी बाकं मोफत ठेवली, कोणीही कुठेही बसावं. खर्च स्वेच्छेच्या अर्पणातून. लोकांना हा वेडेपणा वाटला असणार, कारण ठरलेलं भाडं सोडून तबकात काय पडेल त्यावर घर चालवायचं होतं. पण वळण लागलं ते तिथून. देतो म्हणून तो आपला, हा हिशेब मोडला आणि आपला आहे म्हणून देतो, हा सुरू झाला. पुढची पन्नास-साठ वर्षं एकेका पॅरिशने बाकांची दारं उतरवली.

भाड्यापेक्षा रंगाची भिंत जाड होती. ॲब्सलम जोन्स १७४६ मध्ये डेलावेअरला गुलाम म्हणून जन्मले. रात्रीची मजुरी साठवून त्यांनी आधी बायकोची सुटका विकत घेतली, आणि १७८४ मध्ये ते स्वतःही मुक्त झाले. फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्या सभासदांना जागेवरून उठवू लागले, तेव्हा जोन्स आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांचं सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च सुरू झालं. धर्मप्रांताने त्यांना आत घेतलं, जोन्स यांना दीक्षाही मिळाली, पण धर्मप्रांताच्या अधिवेशनात बसायचं नाही, ही अट होती. ही पॅरिश आपल्या पैशावर उभी होती, आपली शाळा चालवत होती, गरिबांना सांभाळत होती. तरी अधिवेशनात तिचे प्रतिनिधी बसायला १८६४ साल उजाडलं. सत्तर वर्षं! तेवढा काळ या माणसांनी आपलं चर्च सोडलं नाही. आपलेपणा हा शब्द उच्चारायचा अधिकार मला त्यांच्याकडे सर्वांत जास्त वाटतो.

बायकांचीही कथा याच जातीची. व्हेस्ट्रीत त्यांना जागा नाही, पण पॅरिशचा चुली-चाकरीचा भार त्यांच्यावर. जुने कपडे आणि भांडी विकून पैसे उभे करणं, वेदीची वस्त्रं सांभाळणं, दुखण्याखुपण्यात घरोघरी डबे पोचवणं. १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड थँक ऑफरिंग सुरू केलं. पहिल्या वर्षी दोन हजार डॉलरांहून थोडे अधिक जमले, त्यातून अलास्कात अन्विकला चर्च बांधायला मदत झाली आणि जपानला एक मिशनरी बाई गेली. त्याची निळी डबी आजही माझ्या स्वयंपाकघरात खिडकीत आहे. पुठ्ठ्याची, घडी घालून उभी करायची, तळहातावर मावेल एवढी, वर एक फट. मुलीचा ताप उतरला, एक नाणं. गावाकडून फोन आला, एक नाणं. वसंतात आणि शरदात ती रिकामी करून चर्चमध्ये आणायची. ही डबी पॅरिशच्या खर्चाला नसते, सगळी बाहेर जाते.

त्याच १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्यामागे अमेरिकेतल्या अशाच प्लेजचा, देऊ म्हणून दिलेल्या लहान लहान शब्दांचा आधार होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झालेला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे देशभर फिरल्या. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, गावोगावी मंडळं झाली, सभासदांनी दहा वर्षं दरसाल ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. असोसिएशन कुठल्या एका पंथाची नव्हती, पण तिच्या उपाध्यक्षांत बॉस्टनच्या ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे पाळक फिलिप्स ब्रूक्स होते. आपल्या विधवा मुलींच्या शिक्षणात त्या शब्दांचा वाटा होता, हे मराठी माणसाने विसरू नये असं मला वाटतं.

वर्षभराचा आकडा आधीच लिहून द्यायची पद्धत एपिस्कोपल चर्चमध्ये सर्वदूर रुजली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१७ मध्ये चर्चचा पेन्शन फंड सुरू झाला, म्हणजे म्हाताऱ्या पाळकांची भीक थांबली आणि प्रत्येक पॅरिशला नियमाने हप्ता भरणं आलं. १९१९ मध्ये देशभर मोहीम झाली, घरोघर जाऊन सभासदांकडून वर्षाचा शब्द घेतला गेला. आठवड्याआठवड्याची छापील पाकिटं आली. १९८२ च्या अधिवेशनाने दशांश हे देण्याचं किमान माप म्हणून ठरवलं, तरी सगळेच तेवढं देतात असं नाही, आणि कोणी विचारतही नाही.

स्त्रियांना अधिवेशनात रीतसर प्रतिनिधी म्हणून बसता आलं १९७० मध्ये, पाळक होण्याचा ठराव १९७६ मध्ये. आज कित्येक लहान पॅरिशांत पाळकही बाई आणि सीनिअर वॉर्डन, म्हणजे व्हेस्ट्रीतली प्रमुख, तीही बाई.

लहान पॅरिशवर सर्वांत खोल परिणाम मात्र १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाचा झाला, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याआधी बऱ्याच पॅरिशांत रविवारी सकाळची प्रार्थना हीच मुख्य उपासना असे, आणि ती सामान्य सभासदालाही चालवता येई. नव्या पुस्तकाने पवित्र सहभागिता, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, ही रविवारची मुख्य उपासना ठरवली. मला ते मनापासून पटतं. पण सहभागितेला दीक्षित पाळक लागतो, आणि नेमकी त्याच काळात संख्या उतरायला लागली होती. १९६० च्या दशकाच्या मध्याला सभासद ३४ लाखांच्या वर होते, आता १५ लाखांच्या आसपास आहेत. निम्म्याहून अधिक पॅरिशांत रविवारी पन्नास माणसंही जमत नाहीत. पूर्ण वेळ पाळक ठेवायला त्यांची कार्डं पुरत नाहीत. कोणी दोन-तीन गावांत मिळून एक पाळक ठेवतात. २००१ पासून अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चशी करार आहे की एकाचे पाळक दुसऱ्याला चालतात, त्यामुळे काही गावांत दोन्ही चर्चना एकच पाळक असतो. मिशिगनच्या उत्तर टोकाकडच्या धर्मप्रांताने गावातल्याच माणसांना तयार करून दीक्षा दिली: कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त कामगार, बिनपगारी. स्वतःच्या खर्चावर उभी ती पॅरिश, धर्मप्रांताच्या मदतीवर ते मिशन असा कायद्यातला फरक आहे. पॅरिशची मिशन झाली की लोकांच्या मनाला लागतं, कारण आपला पाळक आपण निवडण्याचा हक्क त्याबरोबर जातो.

चर्चच्या कायद्यात चांगल्या सभासदाची व्याख्या आहे, ती मला आवडते. वर्षातून तीनदा तरी सहभागिता घेतलेली असावी, अडचण नसेल तर उपासनेला यावं, आणि देवाच्या राज्यासाठी काम करण्यात, प्रार्थनेत आणि देण्यात विश्वासू असावं. किती द्यावं, याचा आकडा त्यात नाही. आणि काम हा शब्द आधी आला आहे. आमच्याकडे वेदीची वस्त्रं धुणाऱ्या एक आजी आहेत. प्याला पुसायचा रुमाल आधी पाण्यात बुडवून ते पाणी त्या मातीतच ओततात, मोरीत नाही. मग धुवून, ओलसर असतानाच इस्त्री, उलट्या बाजूने, आणि दोन्हीकडून तीन-तीन घड्या. उघडला की नऊ चौकोन दिसतात. त्यांचं प्लेज किती, ते खजिनदाराशिवाय कोणाला ठाऊक नाही.

महिन्यातल्या एका रविवारी तबकात पडलेली सुटी रोकड मात्र व्हेस्ट्रीच्या हिशेबात येत नाही. ती कायद्यानेच पाळकाच्या हाती जाते, गरजूंसाठी. कोणाचं विजेचं बिल, कोणाचं औषध, कोणाच्या गाडीचं टायर. घेणारा चर्चचा असायलाच हवा असं नाही. जानेवारीच्या वार्षिक सभेत खजिनदार सगळे आकडे वाचून दाखवतात, छपराचा, तेलाचा, पेन्शनचा. या खात्याची फक्त बेरीज वाचली जाते. नावं विचारायची नाहीत, आणि आजवर कोणी विचारलेलीही नाहीत.