लिंबूवर्गीय फळझाडांचे डोळा कलम

मोसंबी, संत्रे, लिंबू यांसारख्या झाडाचा एक डोळा (पानाच्या देठाजवळचा न फुटलेला कोंब) सालीसकट काढून दुसऱ्या लिंबूवर्गीय रोपाच्या सालीखाली बसवणे, याला डोळा भरणे म्हणतात. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. तासगाव-मिरज पट्ट्यात डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे पाचर कलम सर्रास बांधतात. तिथे हात बसलेल्याला हेही लवकर जमते, मात्र इथे लाकूड चिरायचे नसते, फक्त साल उघडायची असते.

कागदी लिंबाला कलमाची फारशी गरज नाही. त्याच्या बियांपासून बहुतेक रोपे मूळ झाडासारखीच निघतात. मोसंबीचे बियांचे झाड मात्र काटेरी होते आणि फळाला फार वाट पाहायला लावते. डोळा भरलेले झाड लावणीनंतर तीन-चार वर्षांत फळावर येते.

खुंटासाठी रंगपूर लिंबू किंवा जंभेरी (खडबडीत सालीचे आंबट लिंबू) घ्यावी. माण, खटाव, आटपाडी, जत भागांतल्या चुनखडीयुक्त जमिनीत रंगपूर अधिक तग धरतो. बी पिकल्या फळातून काढून धुवावे, राखेत चोळून सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. फार वाळले की ते उगवत नाही. वाफ्यातली फार खुरटी, तशीच इतरांहून वेगळ्या पानांची रोपे उपटून टाकावीत. खोड पेन्सिलीएवढे जाड व्हायला साधारण वर्ष लागते.

डोळाकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळे काढायचे ती काडी, निवडण्यात घाई करू नये. काडी फळ देणाऱ्या, निरोगी झाडाची हवी. गोलसर, हिरवी आणि पांढुरक्या रेघा उमटलेली. कोवळी तिकोनी काडी नको, आणि सरळसोट वाढलेला काटेरी पानसोट तर नकोच. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग काडीतूनही नव्या झाडात जातात, म्हणून शेंडे वाळणाऱ्या किंवा पाने पिवळी-चट्टेरी पडलेल्या झाडाची काडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. पाने कापताना देठाचा तुकडा ठेवावा आणि काडी ओल्या गोणपाटात गुंडाळावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोयीचा काळ. तरी तारखेपेक्षा साल सुटते की नाही हे महत्त्वाचे. खुंटाला दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी द्यावे आणि सालीला छोटा काप देऊन त्याची कड चाकूच्या टोकाने उचलून पाहावी. साल अलगद सुटून खाली ओलसर, गुळगुळीत लाकूड दिसले तर काम सुरू करावे. ती फाटत, चिकटत असेल तर आठवडाभर थांबावे. ओढून उचललेल्या सालीत डोळा धरत नाही.

जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर 3 सेंटिमीटरचा उभा आणि त्याच्या वरच्या टोकाला 1 सेंटिमीटरचा आडवा काप द्यावा. पाटण-महाबळेश्वरसारख्या पावसाच्या भागात आडवा काप खाली घेऊन साल वरच्या बाजूला उघडतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. काडीवरून अडीच सेंटिमीटर लांबीचा ढालीच्या आकाराचा डोळा एकाच ओढीत काढावा, देठाला धरून कापात सरकवावा आणि मागच्या बाजूला बोट लावू नये. पाठीमागे लाकडाचा पातळ पापुद्रा राहिला तरी चालतो. मग सेंटिमीटरभर रुंदीच्या प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळावे. काडी उलटी धरली गेली तर डोळा उलटा बसतो. तो जगतो, पण फुटवा वाकडा निघतो. झाड बदलताना चाकू पातळ ब्लीचमध्ये बुडवून धुवावा.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडावी. डोळा हिरवा असेल आणि देठ स्पर्शाने गळून पडला तर कलम धरले. देठ सुकून तिथेच चिकटला असेल तर डोळा मेला. खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरावा. पट्टी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर खोडात रुतते. डोळा धरल्यावर खुंटाचा शेंडा एकदम छाटण्यापेक्षा वाकवून ठेवणे चांगले, कारण त्याची पाने मुळांना पोसत राहतात. फुटवा वीतभर झाला की जोडाच्या (डोळा बसवलेल्या जागेच्या) वर तिरपा काप घेऊन शेंडा काढावा आणि फुटव्याला काठी बांधावी.

लावताना जोड मातीत गाडू नये. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, तेही मोरीच्या सांडपाण्यावर झाड लावण्याची पद्धत आहे आणि डिंक्या (खोडातून डिंक गळणे), मूळकुज हे रोग तिथूनच सुरू होतात. उंचवट्यावर लावावे आणि पाणी बुंध्यापासून दूर द्यावे. पावसाळ्याआधी 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी यांची बोर्डोपेस्ट प्लॅस्टिकच्या भांड्यात करून खोडाला लावावी.

जोडाखालचे फुटवे दिसताच खुडावेत, कारण खुंट वरच्या झाडापेक्षा जोमदार असतो. मोसंबीला पुढे आंबट, खडबडीत सालीची फळे लागली तर ती जोडाखालच्या फांदीची असतात. ती फांदी बुडापासून काढावी. जोडाच्या वरचा भाग मेलाच असेल तर खुंटाचा एक सरळ फुटवा राखावा आणि तो पेन्सिलीएवढा झाल्यावर त्यावरच नवा डोळा भरावा.