घरावरचा बोजा : अमेरिकेतील ‘मेकॅनिक्स लीन’ची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्याने घराचे स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, ठरलेली पूर्ण रक्कम कंत्राटदाराच्या हाती दिली आणि तरीही काही आठवड्यांनी, ज्याचे नावही त्याने ऐकलेले नाही अशा फरशीवाल्याने त्याच्या घरावर थकबाकीचा बोजा नोंदवला, असे घडू शकते. कंत्राटदाराने पैसे घेतले, पण माल पुरवणाऱ्याला दिले नाहीत. घरमालकाचा दोष एवढाच की फरशी त्याच्या घरात बसली आहे. बोजा नोंदवण्याच्या या हक्काला तिथे ‘मेकॅनिक्स लीन’, म्हणजे कारागिराचा बोजा, म्हणतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, तसाच हा प्रकार; फरक असा की येथे मालकाने स्वतः कर्ज काढलेले नसते.

या हक्काचे मूळ वॉशिंग्टन शहराच्या उभारणीत आहे. नव्या राजधानीची जागा पोटोमॅक नदीकाठी ठरली, पण उघड्या माळावर घरे बांधण्यासाठी कारागीर आणि माल उधारीवर कोण देणार, हा प्रश्न होता. सप्टेंबर 1791 मध्ये शहराच्या आयुक्तांची बैठक झाली, तिला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन उपस्थित होते. बांधकाम करणाऱ्यांना घरावर आणि त्याखालच्या जमिनीवर हक्क मिळावा, अशी मागणी, ज्या राज्याच्या हद्दीत ही जागा होती त्या मेरीलँडच्या विधिमंडळाकडे करण्याचे तिथे ठरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तसा कायदा झाला.

कायद्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी इंग्लंडच्या जुन्या विधिपरंपरेकडे पाहावे लागते. त्या परंपरेत घड्याळ दुरुस्त करणारा मजुरी मिळेपर्यंत घड्याळ स्वतःजवळ ठेवू शकत असे. गवंड्याला मात्र भिंत उचलून नेता येत नाही, आणि जमिनीला जोडलेली वस्तू जमीनमालकाचीच होते. ‘लीन’साठी मराठीत रूढ असलेला ‘धारणाधिकार’ हा शब्द म्हणूनच इथे तोकडा पडतो, कारण कंत्राटदाराच्या हाती धरून ठेवण्यासारखे काही उरतच नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 170 देखील ताब्यात दिलेल्या वस्तूंपुरतेच आहे. आपल्याकडील कंत्राटदाराला थकबाकीसाठी दिवाणी दावा किंवा लवाद हाच मार्ग राहतो.

1803 मध्ये पेनसिल्व्हेनियाने फिलाडेल्फियासाठी असा कायदा केला आणि पुढे तो राज्याराज्यांत पसरला. कॅलिफोर्नियाने तर 1879 च्या राज्यघटनेतच हा हक्क लिहून ठेवला. या प्रसारात दोन वाटा पडल्या. न्यूयॉर्कच्या वाटेने पोटकंत्राटदाराचा हक्क मालकाकडून मुख्य कंत्राटदाराला येणे असलेल्या रकमेपुरता राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या वाटेने तो स्वतंत्र ठरला, म्हणजे मालकाला एकाच कामाचे पैसे दोनदा द्यावे लागण्याची शक्यता निर्माण झाली. ज्या कायद्याने शहरे उभी राहिली, त्याची किंमत शतकानंतर एकेकट्या कुटुंबावर पडू लागली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

सुनावणी न घेता मालमत्तेवर बोजा चढवणे घटनेला धरून आहे काय, हा वाद विसाव्या शतकात न्यायालयांत गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ही पद्धत वैध ठरवली. त्यामुळे मालकाचे संरक्षण मुख्यतः मुदती आणि नोटिसांवरच अवलंबून राहिले. त्या राज्यात पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून 20 दिवसांत प्राथमिक नोटीस द्यावी लागते, आणि बोजा नोंदवल्यावर 90 दिवसांत दावा दाखल न केल्यास तो सर्वसाधारणपणे अंमलात आणता येत नाही. वाद सुरू असतानाच घर विकायचे असेल, तर बोजाच्या रकमेच्या 125 टक्क्यांचा हमीरोखा भरून तो घरावरून उतरवता येतो.

बरीच मराठी कुटुंबे ज्या न्यू जर्सीत स्थायिक आहेत, तिथल्या 1993 च्या कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले : राहत्या घराच्या कामात थेट बोजा नोंदवता येत नाही. आधी थकबाकीची सूचना नोंदवून लवादापुढे जावे लागते, आणि मालकाने करारातील जेवढी रक्कम अजून दिलेली नाही, तेवढ्यापुरताच हक्क उरतो.